गोल्फची शाळा की विद्यापीठाची पदवी? मराठवाड्यातल्या घरांसाठी सरळ हिशोब

बारावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडच्या घरांत जी चर्चा सुरू होते, तिच्यात गोल्फ सहसा नसतो. नीट, सीईटी, कॅप राउंड, कृषीची जागा, नाहीतर सरळ पुण्याला जाऊन एमपीएससीचा क्लास, एवढ्यात ती संपते. तरी हा प्रश्न अधूनमधून येतोच. कुणाचं लेकरू पुण्यातल्या गोल्फ क्लबात कामाला लागलेलं असतं. कुणाचे वडील फौजेत असल्यामुळे पोरगं लहानपणापासून छावणीच्या मैदानावर खेळलेलं असतं. कुणी हॉटेल मॅनेजमेंट करताना एखाद्या रिसॉर्टवर हा खेळ जवळून पाहिलेला असतो. मग मोबाइलवर परदेशातल्या गोल्फ शाळेची जाहिरात दिसते, दीड-दोन वर्षांत करिअर म्हणून. आणि वडील विचारतात, ‘‘पदवी करू द्यावी का ह्या शाळेत घालावं?’’

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी आधी पदवी घ्यावी, तीही नीट निवडलेल्या विषयातली, आणि गोल्फचं प्रमाणपत्र तिच्यासोबत किंवा तिच्यानंतर. बहुतेक म्हणजे सगळ्यांनी नाही. अपवाद कोणते, तेही पुढे येईल. पण ‘पदवी की गोल्फ’ असा प्रश्न थेट सोडवायला गेलं तर गोंधळच होतो. आधी ठरवायचं असतं ते गोल्फमधलं नेमकं कोणतं काम करायचं आहे.

मैदानावर कामं किती तऱ्हेची

अठरा होलचं गोल्फ मैदान साधारण शंभर ते दीडशे एकरांवर पसरलेलं असतं. एवढ्या जमिनीवरचं गवत रोज कापणं, पाणी देणं, रोग-कीड सांभाळणं हे एक खातं. सभासदांना शिकवणारे कोच वेगळे. क्लबहाउसमधलं खाणंपिणं, खोल्या, सभासदत्व, हिशोब हे तिसरं. स्पर्धा भरवणारे, नियम बघणारे, स्टिक दुरुस्त करणारे, सामानाचं दुकान चालवणारे आणखी वेगळे. खेळून पैसे मिळवणारा व्यावसायिक खेळाडू हा या सगळ्यांतला एकच आणि सगळ्यांत बेभरवशाचा धंदा. टीव्हीवर मात्र तेवढाच दिसतो.

खेळाडूचं आधी उरकतो, कारण तिथे पदवी आणि गोल्फ शाळा दोन्ही सारख्याच बिनकामाच्या. भारतात व्यावसायिक स्पर्धा प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, भरवते. ही २००६ साली सुरू झाली. तिथे शिरायला पात्रता फेरी खेळावी लागते आणि त्या फेरीत कागद कुणी बघत नाही, किती फटक्यांत होल संपवले तेवढंच मोजतात. अशा स्पर्धांत साधारणपणे दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाद होतात. कटच्या खाली राहिलेला खेळाडू प्रवास, हॉटेल, कॅडीचा (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचा) खर्च स्वतःच्या खिशातून करून हात हलवत घरी येतो.

इथे पोचलेली माणसं बघा. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. दिल्ली गोल्फ क्लबात ते कॅडी होते, लोकांच्या बॅगा उचलत खेळ शिकले. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक पाच-सहा वर्षांची असल्यापासून खेळत होती. दोघांच्या घरची परिस्थिती पूर्ण वेगळी, पण एक गोष्ट समान: लहानपण मैदानावर गेलं. आपल्या बहुतेक तालुक्यांतल्या मुलाला मैदान गाठायचं तर पुण्याचं येरवडा किंवा बावधन, नाहीतर नवी मुंबईतलं सिडकोचं खारघर. अठराव्या वर्षी पहिल्यांदा स्टिक हातात धरलेल्या मुलाला दोन वर्षांच्या शाळेतून टूरचा खेळाडू करून देऊ, असं कुणी म्हणत असेल तर त्याला घराच्या पायऱ्या चढू देऊ नका.

‘गोल्फ शाळा’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

घोटाळा इथे होतो. जाहिराती तिन्हींचं एकच कडबोळं करतात.

पहिली म्हणजे खरी करिअर शाळा. अमेरिकेत कॅलिफोर्निया, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा बारमाही खेळता येणाऱ्या उबदार भागांत या निघाल्या. साधारण दीड-दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात स्विंग, म्हणजे स्टिक फिरवून फटका मारण्याची ढब, शिकवायचा कसा, नियम, स्टिकची दुरुस्ती आणि मापं, स्पर्धेचं नियोजन, दुकानाचा हिशोब, गवताची तोंडओळख, आणि भरपूर खेळ. गणित, इतिहास, साहित्य जवळजवळ नाही. ज्याला हेच काम करायचंय आणि वेळ घालवायचा नाही त्याच्यासाठी ती आखलेली असते, आणि त्या देशात राहणाऱ्या माणसाला ती उपयोगीही पडते.

दुसरी म्हणजे विद्यापीठातच शिकवला जाणारा गोल्फ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम. अमेरिकेच्या पीजीएची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक गोल्फ शिक्षकांच्या संघटनेची, मान्यता असलेला असा पहिला अभ्यासक्रम १९७५ मध्ये मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठात सुरू झाला. नंतर पेन स्टेट, क्लेमसन अशा विद्यापीठांनीही तो घेतला. मुदत साधारण साडेचार वर्षं, त्यात सोळा महिने प्रत्यक्ष क्लबांत काम, आणि स्वतः एका पातळीपर्यंत खेळून दाखवण्याची अट. शेवटी हातात येते ती पूर्ण पदवी, बहुधा व्यवस्थापनाची. म्हणजे ‘पदवी की गोल्फ’ हे भांडणच इथे मिटवलेलं आहे. अर्थात खर्चही साडेचार वर्षांचा.

तिसरी गोष्ट म्हणजे कॉलेजच्या संघातून खेळणं. इथे गोल्फ हा शिकायचा विषयच नसतो. शिकायचं वाणिज्य किंवा संगणक, खेळायचं विद्यापीठासाठी, आणि बदल्यात शिष्यवृत्ती, पुष्कळदा अर्धीमुर्धी. गोल्फपटू जीव मिल्खा सिंग टेक्सासच्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठात असेच शिकले आणि १९९३ मध्ये त्यांनी अमेरिकी विद्यापीठांच्या दुसऱ्या विभागाचं वैयक्तिक विजेतेपद जिंकलं. यासाठी मुलगा आधीपासून उत्तम हौशी खेळाडू असावा लागतो. एक बारीक पण महागात पडणारी अट: आधीच ‘प्रो’ झालेल्या मुलाला हा दरवाजा बहुधा बंद होतो. त्यामुळे स्थानिक कोचच्या नादाने घाईघाईत व्यावसायिक व्हायचं नाही.

भारतात चित्र वेगळं आहे. इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखाली नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया आहे. ती कोच होऊ पाहणाऱ्यांना प्रशिक्षण देते आणि सी, बी, ए अशा चढत्या श्रेणी देते. खेळता चांगलं आलंच पाहिजे. पण हे दोन वर्षं वसतिगृहात राहून करायचं शिक्षण नाही, थोड्या मुदतीचे अभ्यासक्रम आणि मधल्या काळात कामाचा अनुभव अशी त्याची रचना आहे. याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे, कारण इथल्या क्लबात शिकवायचं असेल तर पदवीची वर्षं बुडवण्याची गरजच पडत नाही.

शाळाच बंद पडली तर?

१९७४ मध्ये सॅन डिएगोत एक गोल्फ अकॅडमी सुरू झाली. पुढे तिचं नाव गोल्फ अकॅडमी ऑफ अमेरिका झालं आणि तिच्या शाखा अनेक राज्यांत पसरल्या. या क्षेत्रातलं ते जुनं, नावाजलेलं नाव. डिसेंबर २०१८ मध्ये तिची मालक कंपनी, एज्युकेशन कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, अडचणीत येऊन कोसळली आणि तिच्या इतर शिक्षणसंस्थांबरोबर ही अकॅडमीही बंद झाली. मुलं अभ्यासक्रमाच्या मधोमध होती. खेळ तोच, शिक्षक तेच, पण दाराला कुलूप.

विद्यापीठं बंद पडतच नाहीत असं नाही. पण छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ पासून आहे, नांदेडचं १९९४ पासून, आणि तिथली एखादी शाखा बंद झाली तरी मुलाला दुसऱ्या महाविद्यालयात सामावून घ्यायची सोय असते, गुणपत्रिका देणारं कुणीतरी असतं. खासगी कंपनीच्या एका-विषयाच्या शाळेत झालेले विषय दुसरीकडे धरले जातील याची खात्री नसते.

एकाच कामाचा कागद म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळं शिकवायला नको. डी.एड. आठवा. एक काळ असा होता की डी.एड.ला नंबर लागला म्हणजे पोराचं कल्याण झालं, सोयरीकसुद्धा त्यावर जमायची. २०१२ च्या सुमाराला शिक्षकभरती थांबली आणि तो कागद घेऊन मुलं वर्षानुवर्षं बसून राहिली. ज्यांनी सोबत बी.ए., बी.एस्सी. केलं होतं ती दुसरीकडे वळू शकली. गोल्फच्या प्रमाणपत्राचा बाजार तर डी.एड.पेक्षा कितीतरी लहान. शाळा गावोगाव असतात. गोल्फची मैदानं अख्ख्या देशात दोन-अडीचशेच्या घरात, आणि त्यातली बरीच फौजेची.

व्हिसा आणि कर्ज: जाहिरातीत नसलेली बाजू

अमेरिकेत नियमित शैक्षणिक पदवीसाठी जाणाऱ्याला एफ-१ व्हिसा मिळतो, धंदेशिक्षणाच्या शाळेसाठी एम-१. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एफ-१वाल्याला पदवीनंतर साधारण वर्षभर त्याच क्षेत्रात काम करायची परवानगी मागता येते, आणि शिकताना कॉलेजच्या आवारात थोडं कामही करता येतं. एम-१वाल्याला शिकताना नोकरी नाही. शिक्षण संपल्यावर चार महिन्यांच्या अभ्यासामागे एक महिना या हिशोबाने, जास्तीत जास्त सहा महिने, प्रशिक्षण म्हणून काम. आणि तिथे गेल्यावर एम-१चं एफ-१ करून घेता येत नाही. म्हणजे ‘आधी शाळेत जाऊ, मग तिथेच पदवीला प्रवेश घेऊ’ हा एजंटचा सल्ला कागदावरच अडतो. शाळेला साधा प्रश्न विचारायचा: तुमच्या प्रवेशपत्रावर कोणता व्हिसा मिळतो? उत्तराला आढेवेढे घेतले, तर तेच उत्तर समजायचं. (काही गोल्फ शाळा पदवी देणाऱ्या मोठ्या विद्यापीठाचा भाग असतात, तिथे एफ-१ मिळू शकतो. म्हणून नावावर जाऊ नका, विचारा.)

कर्जाचं गणितही तसंच. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. पण बँक आधी बघते ती संस्थेची मान्यता आणि शिकून नोकरी लागण्याची शक्यता. विद्यापीठाची पदवी म्हटल्यावर शाखाधिकाऱ्याला समजतं. गोल्फ शाळा म्हटल्यावर तो चष्मा काढून बघतो. परदेशातला खर्च साडेसात लाखांच्या कितीतरी वर जातो, मग तारण लागतं, आणि आपल्याकडे तारण म्हणजे सातबारा किंवा राहतं घर. शिवाय फीच्या पत्रकात जे नसतं ते वेगळंच: स्टिकचा संच, सरावाचे चेंडू, मैदानाची फी, स्पर्धांचा प्रवास, विमा. सोयाबीनच्या एका वर्षाच्या भावावर ज्या घराचं गाडं चालतं, त्या घराने एम-१ व्हिसाच्या शाळेसाठी जमीन गहाण टाकू नये. हे मी अगदी ठामपणे सांगेन.

आणखी एक. परदेशातून आणलेला डिप्लोमा इथे ‘पदवीधर’ म्हणून चालत नाही. एमपीएससी, बँका, पदव्युत्तर प्रवेश, सगळीकडे पहिल्याच रकान्यात पदवी विचारतात. परदेशी पदवीलासुद्धा इथे समकक्षता मिळवावी लागते.

परभणीचा रस्ता

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. गोल्फच्या कामांतलं मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं ते मैदान सांभाळणाऱ्याचं, म्हणजे सुपरिंटेंडंटचं. तुम्ही खेळा न खेळा, गवत वाढतच असतं. आणि या कामाचं शिक्षण मराठवाड्याच्या दारातच आहे.

गोल्फमध्ये उष्ण प्रदेशात जे गवत सगळ्यांत जास्त लावतात ते बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी आणि तिच्या संकरित जाती. ज्या हरळीच्या काशा वेचून आपल्या बायाबापड्यांची कंबर मोडते, तीच तिथे तळहातासारखी जपतात. ग्रीनवर, म्हणजे होलच्या भोवतीच्या भागात, ती तीन-चार मिलिमीटरवर कापलेली असते. इतक्या खाली कापलेलं गवत कायम आजारपणाच्या उंबरठ्यावर असतं. नत्र थोडं जास्त झालं की बुरशी, पाणी साचलं की मुळं कुजली, पाणी कमी झालं की दुपारपर्यंत करपलं. शिवाय काळी माती इथे चालत नाही, ती फुगते आणि पाणी धरून बसते. म्हणून चांगलं ग्रीन खाली खडीचा थर आणि त्यावर सुमारे फूटभर वाळूमिश्रित माध्यम टाकून तयार करतात. मातीचं भौतिकशास्त्र, सिंचन, खतं, वनस्पतिरोग, कीटकशास्त्र: ही सगळी बी.एस्सी. कृषीच्या अभ्यासक्रमातली नावं आहेत.

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं. त्याची महाविद्यालयं परभणीशिवाय लातूर, बदनापूर, अंबाजोगाई इथेही आहेत. चार वर्षांची पदवी, प्रवेश सीईटीने. उद्यानविद्या घेतलं तर हिरवळ आणि उद्यानरचना आणखी जवळची. हे शिकून मुलाने एखाद्या मैदानावर दोन वर्षं खालच्या पदावर काम केलं, कापणीयंत्रं आणि तुषार सिंचनाची यंत्रणा हाताखाली घातली, की तो अशा जागी उभा राहतो जिथे गोल्फ शाळेतून आलेला मुलगा सहज येऊ शकत नाही. उलट बाजूने, गोल्फ जमलं नाही तरी त्याच्यापुढे कृषी सेवा परीक्षा, बँकेतली कृषी अधिकाऱ्याची जागा, बियाणे कंपन्या, क्रिकेटची मैदानं, मोठ्या वसाहतींची उद्यानं हे सगळं उरतंच.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय मराठवाड्यात गोल्फ हा शब्द उच्चारू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले, कारण मैदानावर ओतायच्या पाण्याचा प्रश्न लोकांनी विचारला होता. गोल्फ मैदान क्रिकेटच्या मैदानाहून कित्येक पट मोठं. त्यामुळे आपल्या भागात नवं मैदान व्हावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण जिथे मैदानं आहेत तिथेही आता प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं, क्षार सांभाळणं, कमी पाण्यात गवत जगवणं याला किंमत आली आहे. ठिबकावर वाढलेल्या पोराला या विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही.

क्लबचा व्यवस्थापक व्हायचं असेल तर हिशोब तसाच, फक्त विषय वेगळा: हॉटेल मॅनेजमेंट किंवा वाणिज्य. क्लबाला असा माणूस हवा असतो जो स्वयंपाकघर, कर्मचारी, ताळेबंद आणि रागावलेले सभासद सांभाळेल. स्वतः तो किती फटक्यांत खेळतो, हे तिथे दुय्यम.

पदवीचंही फार कौतुक नको

कॉलेजात नाव घालायचं, हजेरी लावायची नाही, परीक्षेला गाइड वाचायचं, अशी तीन वर्षं काढून मिळवलेली पदवी रकाना भरायला उपयोगी पडते, पोट भरायला नाही. ज्याच्या डोक्यात गोल्फ आहे त्याला अशी पदवी घ्यायला लावून आई-वडील काहीच साधत नाहीत. म्हणून सोबतचा रस्ता ध्यानात ठेवावा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीच्या अर्जात नियमित पदवीच्या बरोबरीने धरतात. पुण्यात मैदानावर काम, सकाळी सराव, घरून मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, आणि हात तयार झाला की नॅशनल गोल्फ अकॅडमीची श्रेणी परीक्षा, असं चार-पाच वर्षांचं गणित बसतं. त्यात कर्ज नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची आणि परत यायची सोयही ठेवली आहे.

मग करिअर शाळेत कुणी जावं? जो आधीच चांगला खेळतो, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका लहान तितका खेळ चांगला) एक आकडी आहे, ज्याच्या हातात पदवी किंवा घरचा भक्कम आधार आहे, ज्याला शिकवण्याचीच ओढ आहे, आणि ज्याने त्या देशात काम कसं मिळणार हे लेखी विचारून घेतलं आहे. अशा मुलाला दोन वर्षांत जे मिळेल ते विद्यापीठाच्या चार वर्षांत मिळणार नाही, हेही खरं. त्याला अडवू नये.

बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी एक स्वस्त काम करावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या किंवा नवी मुंबईच्या मैदानावर जाऊन महिनाभर मिळेल ते काम मागावं, बॅग उचलायचं असो की गवत कापायचं. पहाटे साडेचारला उठून पाच वाजता कापणीयंत्रामागे चालायचं, दुपारी बंकरमधली, म्हणजे मैदानातल्या खड्ड्यांतली, वाळू सारखी करायची, संध्याकाळी सरावाच्या रेंजवरचे चेंडू गोळा करायचे. सुपरिंटेंडंट, कोच आणि व्यवस्थापक या तिघांनाही विचारावं, ‘‘साहेब, तुम्ही काय शिकून इथवर आलात?’’ त्या उत्तरांवर घरी येऊन वडिलांशी बोलावं, आणि मग सीईटीचा अर्ज भरायचा की पासपोर्टचा, ते ठरवावं. सीईटीच्या अर्जाची मुदत मात्र त्याआधीच संपते, तेव्हा तो तेवढा भरून ठेवावा.